मूकपटातलं बदक

भाष्यकारांना दिसत नाही ही गोष्ट चित्रपट मंडळात कुणालाच माहीत नव्हती, आणि तशी ती कळायचं काही कारणही नव्हतं. मंडळात सिनेमा बघायचं काम बाकीच्यांचं; भाष्यकारांचं काम तो संपल्यावर बोलण्याचं. गेली कित्येक वर्षं दर शनिवारी ते जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या जुन्या, गाजलेल्या, कृष्णधवल आणि बहुतेक वेळा कुणीतरी मरणाऱ्या सिनेमावर चांगला अर्धा-पाऊण तास बोलत, आणि ऐकणाऱ्यांना वाटे की आपण आत्ता पाहिला तो सिनेमा नव्हताच, खरा सिनेमा हा. अशा माणसाला पडदा दिसतो की नाही याची शंका घ्यायला मन फार वाईट लागतं. तेवढं वाईट मन मंडळात कुणाचं नव्हतं.

नजर गेली ती चोरपावलांनी. काचबिंदू हा तसा सभ्य आजार. दुखत नाही, खुपत नाही, आधी कडा खातो आणि मग सावकाश आत सरकतो. भाष्यकारांना आधी कोपऱ्यातली माणसं दिसेनाशी झाली, मग शेजारी बसलेली, आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच जग हाती उरलं. दिवसाउजेडी समोरच्याचं नाक दिसे. कान बघायचा तर मान वळवावी लागे. अंधाऱ्या हॉलमध्ये पडदा म्हणजे नुसता मळकट पांढरा डाग. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीचाही भरवसा धरू नका, आणि पुढच्या वेळी घरचं कुणीतरी बरोबर आणा. त्या घरच्या कुणीतरीचा भाष्यकारांनी असा धसका घेतला की पुढची वेळ त्यांनी येऊच दिली नाही. बायकोला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि हे थेंब आहेत ते डोळे कोरडे पडतात म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, बायकोपासून कसली लपवाछपवी? तर त्याचं असं होतं. त्यांची मुलगी दूरच्या गावी राहायची, आणि तिच्या घरात आईवडिलांसाठी एक खोली केव्हापासून झाडूनपुसून तयार होती. बायकोचा जीव तिकडे ओढायचा. भाष्यकारांचा पाय मात्र मंडळातून निघत नव्हता. यावरून घरात अधूनमधून वाजायचं, आणि अशाच एका भांडणात वैतागून तेच बोलून गेले होते, “जोवर सिनेमा बघायला डोळे आहेत तोवर मी इथे. मग तू नेशील तिकडे येतो.” बायकोने तो शब्द पदरात पाडून घेतला आणि त्यानंतर भांडली नाही. आपणच दिलेला शब्द असा गळ्याशी येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मुलीच्या घरी सगळं होतं, फक्त शनिवार नव्हता. भाष्यकारांची नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी ऐकून घेण्यात गेली. आमच्याकडे पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, गढूळ नसलं तर वास येतो, हे त्यांनी आयुष्यभर मान डोलावत ऐकलं. त्यांचं म्हणून कुणी ऐकून घेतलं असेल तर ते या मंडळाने. तो एक शनिवार काढून घेतला तर बाकी काय उरतं, याचा त्यांनी मनाशी विचार करून पाहिला होता. उरणारा माणूस त्यांना फारसा ओळखीचा वाटला नाही.

म्हणून त्यांनी सोंग वठवायचं ठरवलं, आणि वठवलं. रस्ता ओलांडताना ते बायकोचा दंड धरायचे. कप उचलताना आधी बशी चाचपायचे. हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची धरायचे. सिनेमाचं म्हणाल तर त्यांना तो कानांनी पुरायचा. भाषा एकही येत नव्हती, पण प्रत्येक सिनेमा इतक्या वेळा पाहिलेला की दार करकरलं म्हणजे बाप घर सोडून निघाला, कुत्रं भुंकलं म्हणजे पोलीस आले आणि भांडं पडलं म्हणजे आजी गेली, हे त्यांना तोंडपाठ होतं. उलट हल्ली त्यांचं भाष्य जास्त रंगतं असं लोक म्हणू लागले होते.

मंडळाचे काही कायदे होते, आणि ते भाष्यकारांनीच ऐन उमेदीत घालून दिलेले. सिनेमा चालू असताना बोलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही. पूर्वी एकदा मंडळातला एक विमावाला एका प्रेतयात्रेच्या दृश्यात फिस्सकन हसला होता, तेव्हा भाष्यकारांनी सिनेमा थांबवून त्याची जी काही हजेरी घेतली, तिची आठवण अजून ताजी होती. सिनेमा संपला तरी दिवे लावायचे नाहीत. भाष्य अंधारातच ऐकायचं, म्हणजे चित्रं डोळ्यांसमोर राहतात. आणि मूकपट असेल तर तो खरोखर मूक दाखवायचा. त्याला मागाहून कुणीतरी चिकटवलेलं संगीत म्हणजे भेसळ, आवाजाची कळ पार खाली.

या शेवटच्या कायद्याने त्यांचा घात केला. मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला, तेव्हा अध्यक्षांनी आपण होऊन जाहीर केलं की यंदा मंडळाने सुरुवातीला दाखवलेला तो नावाड्याचा मूकपट पुन्हा दाखवू, आणि त्याच दिवशी सरांचा सपत्नीक सत्कार करू. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. हॉल त्यांच्या दवाखान्याच्या वर होता, म्हणून अध्यक्षपद त्यांच्याकडे. सिनेमात त्यांना फारसं कळत नसे, पण दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून झाल्यावर अंधारात ताठ बसायला मिळतं याचं त्यांना सुख होतं.

मूकपट, तोही मुका! कान काय करणार तिथे? भाष्यकारांनी आधी सुचवून पाहिलं की वर्धापनदिनाला जरा बोलपट ठेवू, लोकांना बरं वाटतं. अध्यक्षांनी त्यांना त्यांचंच जुनं वाक्य ऐकवलं की लोकांना बरं वाटावं म्हणून आपण सिनेमा दाखवत नाही. मग त्यांनी घसा खाकरून विचारलं की निदान संगीत ठेवलं तर? अध्यक्ष खूश होऊन हसले.

“सर, परीक्षा घेताय आमची.”

“परीक्षा नाही हो, डॉक्टर.”

“नापास नाही व्हायचे आम्ही. टाचणी पडली तर ऐकू येईल, इतकी शांतता ठेवतो.”

झालं. भाष्यकारांनी मनाची समजूत घातली की हा सिनेमा तर आपल्याला तळहातावरच्या रेषांसारखा पाठ आहे. नदीकाठचा नावाडी. त्याची एकुलती एक मुलगी. पूर येतो, नावाडी रात्रभर या तीरावरून त्या तीरावर खेपा घालून सगळं गाव वाचवतो, आणि पहाटे घरी येतो तर घर नाही आणि मुलगीही नाही. डोळे मिटून आराम खुर्चीत बसायचं आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात चालवायचा, असा सराव त्यांनी आठवडाभर केला. बायको येता-जाता त्यांच्याकडे बघायची. नवरा भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि गालांवरून पाणी ओघळतंय. विचारलं तर म्हणाला, थेंब आत्ताच घातलेत.

सत्काराच्या दिवशी बायको आली. इतक्या वर्षांत ती मंडळात एकदाही फिरकली नव्हती. तिला सिनेमा आवडायचा नाही असं नव्हतं. तिला माणसं मेलेली आवडायची नाहीत, आणि नवऱ्याच्या सिनेमात ती फार मरायची. फुलांचा गुच्छ झाला, चार शब्द झाले, नवराबायको पहिल्या रांगेत बसले, दिवे गेले.

इकडे मागे वेगळंच शिजत होतं. प्रोजेक्टर चालवायचं काम विजेच्या दुकानवाल्याकडे असे. त्याने तबकडी लावली, तर ती अडकली. पुसली, फुंकली, उलटी करून पाहिली, तरी ढिम्म. त्याने त्याच खोक्यातली शेजारची तबकडी काढून लावली आणि ती मात्र सुरळीत चालू झाली. हीसुद्धा जुनी, हीसुद्धा मुकी, हीसुद्धा काळीपांढरी. तरी त्याने प्रामाणिकपणे अध्यक्षांच्या कानाशी लागून सांगितलं की डॉक्टर, हा दुसराच आहे. अध्यक्षांनी घाबरून पहिल्या रांगेकडे पाहिलं. भाष्यकार पडद्याकडे टक लावून शांत बसले होते.

“सर समोरच तर बसलेत,” अध्यक्ष कुजबुजले. “त्यांना चालत नसतं तर उठले नसते का?”

हे बिनतोडच होतं. भाष्यकार उठले नाहीत, त्यामुळे सिनेमा पुढे चालू राहिला.

पडद्यावर मोठ्या हॉटेलातला एक ढेरपोट्या आचारी होता. त्याला मेजवानीसाठी बदक कापायचं होतं आणि बदकाची तयारी नव्हती. दीड तास एवढीच गोष्ट. आचारी हातात लांब दांड्याचा लाकडी डाव घेऊन या दारातून त्या दारात धावत होता, बदक त्याच्या दोन पायांमधून निसटत होतं, पिठाची पोती फुटत होती, आणि चुलीवरचं सूप उतू जाऊन स्वयंपाकघरात घोट्याएवढं झालं होतं. कुणीही पोट धरधरून हसावं असा सिनेमा. पण मंडळात हसायचं नाही हा कायदा. शिवाय सर समोर, आणि सिनेमा अभिजात! तेव्हा यात हसण्यासारखं काही नसणार, आपल्यालाच ते दिसत असणार, अशा समजुतीने मंडळी श्वास रोखून बसली. विमावाल्याने रुमालाचा बोळा तोंडात कोंबला होता. मागच्या रांगेत कुणाचे तरी खांदे गदगदत होते. अध्यक्षांनी स्वतःची मांडी चिमटीत धरली होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

भाष्यकारांना ते दबलेले हुंदके ऐकू येत होते. त्यांच्या मनातल्या नदीला पूर चढत होता, नावाडी तिसऱ्या खेपेला निघाला होता, आणि मागे सगळा हॉल रडत होता. एवढ्या वर्षांत या माणसांना मी काहीतरी दिलं, असं त्यांना वाटलं. आता ते दृश्य येणार होतं. पाणी खिडकीशी पोचतं, मुलीचा हात एकदा वर येतो आणि खाली जातो.

नेमकी तेव्हाच त्यांची बायको खळखळून हसली.

बायकोला मंडळाचे कायदे ठाऊक नव्हते. तिच्या देखत आचाऱ्याने डाव उगारला, तो हॉटेलच्या मालकाच्या डोक्यात बसला आणि मालक तसाच मागे जाऊन मोठ्या पातेल्यात बूड टेकून अडकला. माणूस हसणार नाही तर काय करणार? भाष्यकारांच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. ते तिच्या कानाशी वाकले.

“हसतेस काय? मूल बुडतंय तिथे.”

“कुठे?”

“कुठे काय, समोर. हात वर आला होता आत्ता.”

बायकोने पडद्याकडे पाहिलं. वर आलेले मालकाचे दोन पाय तेवढे होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो डोळे भरून समोर बघत होता. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने हळूच विचारलं, “अहो, त्याच्या डोक्यावर काय आहे?”

“टोपी,” भाष्यकार वैतागून म्हणाले. “पावसाची. आता उडून जाईल बघ.”

आचाऱ्याच्या डोक्यावर बदक बसलं होतं, आणि त्याच क्षणी ते उडालं. बायको जरा गोंधळली. उडालं तर खरं. पण टोपी? तिने पुन्हा विचारलं की ती मुलगी आता कुठे आहे, आणि भाष्यकार म्हणाले, “गेली. आता नुसतं पाणी.”

बायको त्यानंतर हसली नाही. आचारी पिठात लोळला, सुपात घसरला, माडीवरून पडला, आणि ती त्याच्याकडे दगडासारखी बघत राहिली. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. बशी चाचपणं. वर्तमानपत्र आता बाहेरच वाचून येतो म्हणणं. शेजारची बाई समोर उभी असताना “कोण आलंय?” असं विचारणं. थेंब. आणि रस्ता ओलांडताना दंडावर घट्ट बसणारा तो हात.

पडदा काळा झाला. अंधारातच भाष्यकार उठले, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली आणि बोलू लागले. त्या दिवशीचं भाष्य मंडळात अजून आठवतात. ते चढत जाणाऱ्या पाण्याविषयी बोलले. पाणी आधी घोट्याशी येतं तेव्हा माणसाला गंमत वाटते, असं म्हणाले. मंडळींना सूप आठवलं आणि अंगावर काटा आला. ते या तीरावरून त्या तीरावर होणाऱ्या खेपांविषयी बोलले, आणि स्वयंपाकघराची दोन दारं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. हातातलं ते एवढंसं लाकूड आणि समोर एवढं मोठं मरण, असं त्यांनी म्हटलं तेव्हा डाव हा कुणाला डाव वाटेना. आपण हसू दाबत होतो याची एकेकाला लाज वाटू लागली. विमावाल्याने तोंडातला रुमाल काढून डोळ्यांना लावला.

शेवटी अध्यक्ष म्हणाले की कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. असं विचारायची पद्धत होती. कुणी काही विचारायची पद्धत नव्हती. पण विमावाला इतका हलला होता की त्याला राहवेना.

“सर, सगळं पटलं. फक्त एक सांगा. बदकाचं काय?”

“कुठलं बदक?” भाष्यकार म्हणाले.

नावाड्याच्या सिनेमात एक होडी होती, एक म्हैस होती, तराफ्यावर चढलेला कोंबडा होता. बदक नव्हतं. संपलं आपलं सगळं, असं त्यांच्या मनात स्पष्ट उमटलं.

“बदक म्हणजेच मरण हो,” अंधारातून त्यांची बायको म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती बसल्या जागेवरूनच, एखादीला भाजीची कृती सांगावी अशा आवाजात बोलत होती. “माणूस त्याच्या मागे लागतो. वाटतं, आत्ता धरू, मग धरू. घर उलथंपालथं होतं, अंगावर पीठ सांडतं, लोक हसतात. ते काही सापडत नाही. आणि दमून खाली बसावं, तर आपणहून येऊन डोक्यावर बसतं. हे म्हणाले ना, कुठलं बदक? तसंच असतं. ज्याच्या डोक्यावर बसलंय त्याला ते दिसत नाही.”

अध्यक्षांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. सरांनी बदकाचा मुद्दा मुद्दाम बाईंसाठी राखून ठेवला होता, हे बहुतेकांच्या तेव्हाच लक्षात आलं. भाष्यकार खाली बसले. बायकोने त्यांचा दंड धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

वाटेत ती म्हणाली, “मी तुम्हाला अखेरची कधी दिसले?”

भाष्यकारांनी खोटं बोलायचा विचार केला, पण त्यांच्यात आता तेवढा दम नव्हता. “दिसतेस की,” ते म्हणाले. “दिवसा नाक दिसतं.”

“नेमकं नाक. सगळ्या चेहऱ्यात तेच तर वाईट आहे माझं.”

मग मात्र तिचा बांध फुटला. डोळे गेले याचा राग नव्हता, तो कुणावर काढणार? राग होता तो दंडाचा. इतके महिने रस्त्यात, बाजारात, जिन्यावर नवरा दंड धरून चालतोय, तर तिला वाटलं होतं की म्हातारपणी का होईना, याला आपली किंमत कळली. शेजारणींना तिने कौतुकाने सांगितलंही होतं. आणि हा तिला काठी म्हणून वापरत होता. भाष्यकार रस्त्याच्या कडेला उभे राहून सगळं ऐकून घेत होते. तक्रारी ऐकायची त्यांना सवय होती, पण ही तक्रार कुठल्या टेबलावर पाठवायची हे त्यांना कळेना.

“बांधाबांध कर,” शेवटी ते म्हणाले. “शब्द दिला होता मी. मुलीला सांग, आम्ही येतो.”

घरी आल्यावर तिने मुलीला फोन लावला. भाष्यकार आराम खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना आतल्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं; ऐकू येण्याच्या बाबतीत त्यांची काही अडचण नव्हती. मुलीने नेहमीप्रमाणे विचारलं असावं की कधी येताय, कारण बायको म्हणाली, “इतक्यात नाही जमायचं गं. शनिवारी आम्हाला सिनेमा असतो.”

फोन ठेवून ती बाहेर आली. भाष्यकारांनी विचारलं, असं का म्हणालीस?

“तिथे जाऊन तुम्ही भिंतीकडे बघत बसणार आणि मी तुमच्याकडे,” ती म्हणाली. “इथे निदान पडदा आहे. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्या मी बरोबर येणार, आणि थेंब मी घालणार.”

डॉक्टरांनी उशीर झाला असं सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. थंडी संपेपर्यंत नळीही मिटली. नाकही गेलं, पडद्याचा डागही गेला. भाष्यकारांनी त्यावर फार बोलणं केलं नाही. फक्त एक दिवस जेवताना दिवा गेला आणि बायको मेणबत्ती शोधायला उठली, तर ते तसेच जेवत राहिले. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

शनिवार मात्र चुकला नाही. बायको शेजारी बसायची आणि नवऱ्याच्या कानात सिनेमा सांगायची. सिनेमात बोलायचं नाही हा कायदा तिच्यापुरता रद्द झाला होता. बदकाच्या प्रकरणानंतर तिला अडवायची कुणाची छाती नव्हती. सांगण्याची तिची तऱ्हा वेगळीच होती. “दूध उतू चाललंय आणि ही बया खिडकीशी उभी आहे.” “हा बोलतोय मोठमोठं, पण कोटाचं बटण तुटलंय. घरात बघणारं कुणी नाही.” “मागे एक म्हातारी आहे, ती मघापासून एकच भांडं घासतेय.” भाष्यकार चकित व्हायचे. हेच सिनेमे त्यांनी डोळे होते तेव्हा वीस-वीस वेळा पाहिले होते, छायाप्रकाशावर तासन् तास बोलले होते. भांडं घासणारी म्हातारी त्यांना एकदाही दिसली नव्हती.

असंच एका शनिवारी तो स्टेशनाचा सिनेमा लागला. हा भाष्यकारांचा सगळ्यांत जिव्हाळ्याचा. तरुणपणी त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि त्यापायीच हे वेड लागलं. म्हातारा नि म्हातारी घर सोडून निघालेत, सबंध सिनेमाभर गाडीची वाट बघत बाकावर बसलेत. शेवटी म्हातारी जुन्या गोष्टी सांगत असते, आणि सांगता सांगता म्हातारा तिच्या शेजारी मरून जातो. तिला कळत नाही. ती बोलतच राहते. गाडी येते, थांबते, निघून जाते.

भाष्यकार त्या क्षणाची वाट बघत होते. म्हातारीचा आवाज त्यांना ऐकू येत होता. कुठल्या शब्दाला त्याची मान कलते हेसुद्धा पाठ होतं. तो शब्द आला. त्यांची बायको मात्र काही बोलेना. त्यांनी तिचा हात दाबला.

“काय झालं?”

“डोळा लागलाय त्याचा,” ती कुजबुजली. “दमलाय.”

गाडी धडधडत आली. चाकं करकरली, वाफेचा फूत्कार झाला. म्हातारी बोलतच होती.

“उठवलं का तिने त्याला?” त्यांनी विचारलं.

बायकोच्या हाताला घाम आला होता. “उठवलं,” ती म्हणाली. “हात धरून चढवतेय. चढले दोघं.”

शिट्टी झाली, गाडी दूर गेली, पडदा काळा झाला. भाष्यकार उठले आणि खुर्चीची पाठ धरून बोलू लागले. या सिनेमावर ते पूर्वी अनेकदा बोलले होते आणि दर वेळी मरणावर बोलले होते. आज ते झोपेवर बोलले. शेजारी कुणी ओळखीच्या आवाजात बोलत असेल तर माणसाला कशी निवांत डुलकी लागते, यावर बोलले. गाडी आल्यावर ती त्याला हलवून उठवते, तो किरकिर करत उठतो, आणि दोघं जागा धरायला धडपडत डब्यात शिरतात, त्या शेवटच्या दृश्याचं त्यांनी इतकं बारीक वर्णन केलं की बायकोने अंधारात दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मंडळी चुळबुळली. रिकामी गाडी निघून गेलेली सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बाकावरच्या म्हाताऱ्याची टोपी घरंगळून फलाटावर पडलेलीसुद्धा पाहिली होती. पण बोलणार कोण? शेवटी अध्यक्षांनीच धीर केला.

“सर, आम्हाला वाटलं की तो मेला.”

“तुम्हाला नीट दिसलं नसेल, डॉक्टर,” भाष्यकार म्हणाले. “पुढच्या वेळी जरा पुढे बसा.”